थोरले आणि धाकटे गुस्ताविनो: दोन पिढ्यांत उभा राहिलेला आणि संपलेला बांधकामाचा धंदा

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात तळमजल्यावर जे कमानी छत आहे, एलिस बेटावर स्थलांतरितांची नोंदणी जिथे होई त्या दालनाचं जे छत आहे, बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं प्रवेशद्वार ओलांडल्यावर डोक्यावर जे दिसतं, ते सगळं एकाच कंपनीचं काम. ही कंपनी 1889 मध्ये सुरू झाली आणि 1962 मध्ये बंद पडली. मधल्या काळात तिने सुमारे 1,000 इमारतींत छतं, जिने आणि घुमट बांधले. तांत्रिक बाजू पहिली दोन दशकं बापाने आणि पुढे साडेतीन दशकं मुलाने सांभाळली. दोघांचंही नाव रफाएल गुस्ताविनो. गोंधळ नको म्हणून इथे थोरले आणि धाकटे असंच म्हणू.

प्रश्न एवढाच की बांधकामातला एक माणूस आपल्या मुलाच्या हाती नेमकं काय देतो, आणि ते त्या मुलाच्या पुढे का जात नाही. गुस्ताविनोंच्या प्रकरणात उत्तर शोधता येतं, कारण इमारती उभ्या आहेत, पेटंटं नोंदलेली आहेत आणि कंपनीची कागदपत्रंही शिल्लक आहेत.

माणूस आणि त्याचं घर

थोरले गुस्ताविनो 1842 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जन्मले. बांधकामाचं शिक्षण घेतलं बार्सिलोनात. तिथे त्या काळी वास्तुविशारद आणि बांधकामाचा उस्ताद असे दोन वेगळे अभ्यासक्रम होते. थोरले दुसऱ्या वाटेचे. कागदावर रेषा मारणं त्यांना येत होतंच, पण भिंत कशी चढते आणि गवंड्याला दिवसाला किती माल लागतो हेही कळत होतं. वयाच्या पंचविशीच्या आसपासच त्यांना बाट्यो कुटुंबाच्या कापड गिरणीचं मोठं काम मिळालं. पुढे विलासार दे दाल्त गावातल्या ला मासा नाट्यगृहावर त्यांनी सुमारे 17 मीटर व्यासाचा अगदी उथळ घुमट घातला. हे काम पूर्ण होत होतं तेव्हा त्यांनी देश सोडलेला होता.

देश सोडण्यामागे दोन कारणं सांगितली जातात आणि दोन्ही खरी मानायला हरकत नाही. पहिलं धंद्याचं. 1871 ची शिकागोची आग आणि 1872 ची बोस्टनची आग यांनंतर अमेरिकेत न जळणाऱ्या बांधकामाला मागणी होती, आणि तिथे चांगलं पोर्टलंड सिमेंट मिळू लागलं होतं. दुसरं कारण घरचं. संसार मोडला होता, पत्नी मोठ्या मुलांना घेऊन अर्जेंटिनाला गेली होती, आणि वचनचिठ्ठ्यांच्या (प्रॉमिसरी नोटांच्या) व्यवहारात थोरल्यांनी लोकांचे पैसे अडकवल्याची नोंद त्यांचे अभ्यासक करतात. 1881 मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा सोबत आठ-नऊ वर्षांचा धाकटा रफाएल होता. कुटुंबवत्सल माणूस अशी गुळगुळीत प्रतिमा इथे बसत नाही. एक घर तुटलं, आणि त्यातून हाती राहिलेल्या एका मुलाभोवती पुढचा सगळा धंदा उभा राहिला.

सुरुवातीची वर्षं अडचणीची गेली. इंग्रजी तोडकंमोडकं. मासिकांसाठी सजावटीची चित्रं काढून दिली, इमारती बांधून विकण्याचा उद्योग केला, त्यात नुकसान सोसलं. 1885 मध्ये अग्निरोधक बांधकामाचं पेटंट मिळालं. धाकटे पंधराव्या वर्षी वडिलांच्या कचेरीत कामाला लागले. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नाही, त्यांचं शिक्षण नकाशाच्या टेबलावर आणि परांचीवर झालं.

छत बांधायची पद्धत

पद्धत थोरल्यांनी शोधलेली नाही. व्हॅलेन्सिया आणि कॅटलोनियाच्या गवंड्यांना ती कित्येक शतकं माहीत होती. थोरल्यांनी तिच्यात सिमेंट आणलं, लोखंडाचे ताण (कमानीचे टेकू फाकू नयेत म्हणून त्यांना बांधून धरणाऱ्या सळ्या) आणले, आणि ती मोठ्या शहरी इमारतींना पेलेल अशी केली.

नेहमीच्या विटेच्या कमानीत विटा उभ्या लावतात, तोंड कमानीच्या मध्यबिंदूकडे. शेवटची वीट बसेपर्यंत कमान स्वतः उभी राहत नाही, म्हणून खाली पूर्ण सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता लाकडी आधार, लागतं. या पद्धतीत टाइल सपाट, म्हणजे छताच्या पृष्ठभागाला समांतर लावतात. टाइल साधारण 6 इंच रुंद, 12 इंच लांब आणि इंचभर जाड. पहिला थर लावण्याचा क्रम असा:

भिंतीत खाच किंवा टेकू करून सुरुवातीची ओळ बसवायची. पुढच्या टाइलच्या दोन लगतच्या कडांना प्लास्टर ऑफ पॅरिस लावायचं. ती आधीच्या टाइलच्या कोपऱ्यात दाबून बसवायची, काही सेकंद हाताने धरायची आणि सोडायची. दोन बाजूंनी चिकटलेली टाइल हवेत अधांतरी राहते. आकार चुकू नये म्हणून हलकी लाकडी पट्टी किंवा दोरी असते. तिचा उपयोग दिशा दाखवण्यापुरता. वजन तिच्यावर नसतं.

पहिला थर घट्ट झाला की तोच वरच्या थरांचं सेंटरिंग होतो. त्याच्यावर साधारण अर्धा इंच सिमेंटचा माल, त्यावर दुसरा थर, आणि सांधेमोड अशी करायची की खालच्या कोणत्याही सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये. बहुतेक वेळा दुसरा थर तिरका फिरवतात, म्हणजे सांधेमोड आपोआप होते. मग तिसरा थर. तीन थर टाइलचे आणि दोन मालाचे मिळून जाडी चार इंचांच्या आसपास भरते. एवढ्या जाडीचं छत नेहमीच्या खोलीच्या मापाला पुरतं. रुंदी वाढली किंवा बोजा जास्त असला की चार-पाच थर घालतात.

इथे माणसं कुठे चुकतात ते पद्धतीतच दडलेलं आहे. प्लास्टर काही मिनिटांत आवळतं, त्यामुळे घमेलंभर कालवून ठेवता येत नाही. एका हातात मावेल एवढंच कालवायचं. आवळू लागलेल्या प्लास्टरमध्ये पाणी घालून पुन्हा ढवळलं तर ते चिकटलेलं दिसतं, पण पकड नसते. कोरडी टाइल प्लास्टरमधलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो. फार भिजलेली टाइल घसरते. टाइल किती ओली हवी हे गवंडी बोटांनी ठरवतो, आणि कागदावर ते लिहिता येत नाही.

प्लास्टर पहिल्याच थरात का, वर का नाही, याचंही साधं कारण आहे. प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि ते पाण्यात टिकत नाही. वरचे थर ओल झेलणार, म्हणून तिथे सिमेंट. शिवाय जिप्सम आणि पोर्टलंड सिमेंट एकमेकांना लागून कायम ओले राहिले तर त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन पदार्थ फुगतो आणि सांधे उकलतात. छत कोरडं राहिलं तर शंभर वर्षं काही होत नाही. गळू लागलं की आतून पोखरायला सुरुवात होते.

घुमटात काम आणखी सोपं होतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. घुमटात टाइलचं एक पूर्ण कडं बसलं की ते स्वतःच्या जोरावर उभं राहतं, कारण आत पडू पाहणाऱ्या टाइली एकमेकींना अडवतात. म्हणून प्लास्टरने सांभाळायची असतात ती फक्त चालू कड्यातली थोडी टाइल. गवंडी आदल्या दिवशीच्या पक्क्या भागावर उभा राहून पुढचं कडं लावतो.

रेटा

थोरले आपल्या पद्धतीला एकसंध बांधकाम म्हणत. त्यांचं म्हणणं असं की टाइल आणि सिमेंट मिळून एकच अखंड कवच होतं, म्हणून त्याचा बाजूला जाणारा रेटा नेहमीच्या कमानीपेक्षा फार कमी. हा दावा पूर्ण बरोबर नाही. कवच हलकं असतं, म्हणून स्वतःच्या वजनाचा रेटा कमी. पण वर माणसं, सामान, भराव आला की रेटा तितकाच येतो, कमान कशाचीही असो. लिहिताना थोरले अखंडपणाची बाजू मांडत, बांधताना मात्र लोखंडी ताण घालत. हाताने केलेलं अनुमान त्यांच्या सिद्धांतापेक्षा जास्त भरवशाचं होतं, असंच म्हणावं लागतं.

एक उदाहरण आकड्यांत. छताची रुंदी 5 मीटर, कमानीचा उठाव (टेकूपासून माथ्यापर्यंतची उंची) 50 सेंटीमीटर, एकूण बोजा दर चौरस मीटरला 500 किलो. बाजूचा रेटा म्हणजे बोजा गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले आठ पट उठाव: 500 × 25 ÷ (8 × 0.5) = 3,125 किलो, दर मीटर लांबीला. दर दीड मीटरवर एक ताण घातला तर एका ताणावर सुमारे 4,690 किलो. 20 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी सळीचं क्षेत्रफळ 314 चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला 15 किलो धरले तर ती 4,710 किलो पेलते. म्हणजे जेमतेम बसतं, आणि गंजाने सळी मिलिमीटरभर जरी बारीक झाली तरी हिशेब उलटतो.

याच सूत्रातून दिसतं की उठाव निम्मा केला की रेटा दुप्पट होतो. वास्तुविशारदाला छत चपटं हवं असतं, कारण मजल्याची उंची वाचते. पैसे मग लोखंडात जातात.

घुमटाचं गणित वेगळं. पूर्ण अर्धगोल घुमट 20 मीटर त्रिज्येचा घेतला आणि विटेचं वजन दर घनमीटरला दोन टन धरलं, तर फक्त स्वतःच्या वजनाने माथ्यावर दाब येतो दर चौरस मिलिमीटरला 0.2 न्यूटन आणि पायाशी 0.4. चांगली भाजलेली टाइल याच्या वीसपट दाब सहज घेते. गंमत म्हणजे या हिशेबात जाडी येतच नाही. जाडी दुप्पट केली की वजनही दुप्पट, दाब तेवढाच. पातळ घुमट उभे राहतात यात जादू नाही ती अशी.

अडचण दुसरीकडे आहे. अर्धगोल घुमटात माथ्यापासून सुमारे 52 अंश खाली गेलं की कड्यांतला दाब संपून ओढ सुरू होते. घुमट पायाशी बाहेर फाकू पाहतो. टाइल दाब घेते, ओढ घेत नाही. जुन्या घुमटांना खालच्या भागात उभ्या भेगा पडलेल्या दिसतात त्या यामुळे. धाकट्यांनी हे नीट ओळखलं. आलेखावर बलं काढून त्यांनी ओढ कुठे सुरू होते ते ठरवलं आणि 1910 मध्ये त्या पट्ट्यात टाइलच्या थरांमध्ये लोखंड घालण्याचं पेटंट घेतलं. वडिलांनी शब्दांत मांडलेला अखंडपणा मुलाने आकडे आणि सळ्या घालून खरा केला. दोन पिढ्यांमधला फरक याच एका गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतो.

धंद्याची बांधणी

1889 मध्ये बोस्टन ग्रंथालयाचं काम मिळालं आणि गाडी रुळावर आली. वास्तुविशारद कंपनी मॅकिम, मीड अँड व्हाइट ही होती. या इमारतीत टाइल झाकली नाही, खालून उघडी ठेवली. तोपर्यंत छताखाली प्लास्टरचा गिलावा करणं हीच रीत होती. टाइल उघडी राहिल्याने दोन गोष्टी झाल्या. गिलाव्याचा खर्च वाचला, आणि वास्तुविशारदांच्या डोळ्यांसमोर कायमची जाहिरात टांगली गेली. त्याच वर्षी कंपनीची नोंदणी झाली.

कंपनीची खरी चतुराई कंत्राटाच्या रचनेत होती. वास्तुविशारद नकाशावर जागा मोकळी सोडून तिथे गुस्ताविनोंचं नाव लिहायचे. पुढचं सगळं कंपनीकडे: आकार, थरांची संख्या, ताणांची मापं, टाइल, माणसं, उभारणी. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये वोबर्न इथे स्वतःची भट्टीही घातली, कारण बाहेरून येणाऱ्या टाइलची मापं आणि रंग जुळत नव्हते. पहिल्या थरात पाव इंचाचा फरक चालत नाही. तिरक्या नक्षीत तो दहाव्या ओळीला उघडा पडतो. पैशाची बाजू विल्यम ब्लॉजेट या भागीदाराकडे होती, आणि गुस्ताविनोंच्या घरात ही एक गोष्ट कमी होती हे मान्य करून त्यांनी ती बाहेरून आणली, हे शहाणपणाचं झालं.

सरकारी अधिकारी आणि विमावाले यांना पटवणं सोपं नव्हतं. चार इंचांचं छत पाहून कोणाचाही विश्वास बसत नसे आणि नियमांच्या पुस्तकात या पद्धतीला जागा नव्हती. उपाय एकच: नमुन्याचं छत बांधायचं, त्यावर वजन रचायचं, खाली आग लावायची, आणि सगळ्यांना उभं करून दाखवायचं. अशा चाचण्यांचा खर्च कंपनी सोसत असे.

याच रचनेत पुढच्या शेवटाचं बीही होतं. ज्ञान, पेटंटं, टाइल आणि माणसं एकाच छताखाली असल्यामुळे तोलाचा स्पर्धक टिकला नाही. तसा स्पर्धक नाही म्हणून बाहेर ही कला शिकलेले मुकादमही फारसे नाहीत. वास्तुविशारदांना ते छत हवं होतं, पण त्याचा हिशेब कसा करतात हे शिकायची त्यांना गरजच पडली नाही.

1908 आणि 1909

थोरल्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटनजवळ काढली. त्याआधी त्याच भागात बिल्टमोर वाड्याचं काम झालं होतं. जवळच्या ॲशव्हिलमध्ये सेंट लॉरेन्स चर्चचं काम त्यांनी हाती घेतलं. त्यावर लंबवर्तुळाकार घुमट आहे, 58 फूट बाय 82 फूट. लंबवर्तुळाकार घुमट गोल घुमटापेक्षा अवघड, कारण लांब बाजू आणि आखूड बाजू यांच्यातला रेटा सारखा नसतो आणि कड्यांची वक्रता जागोजागी बदलते. काम चालू असताना फेब्रुवारी 1908 मध्ये थोरले गेले. चर्च धाकट्यांनी 1909 मध्ये पुरं केलं. थोरल्यांची समाधी त्याच चर्चमध्ये आहे.

कुठल्याही घरच्या धंद्यात कर्ता गेल्यावरचं पहिलं मोठं काम ही खरी परीक्षा असते. धाकट्यांच्या वाट्याला ती 1909 मध्ये आली, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये. मधल्या चौकाच्या प्रचंड दगडी कमानी तयार होत्या, वर मनोरा कधी होईल ते ठाऊक नव्हतं, आणि तोवर जागा झाकायची होती. व्यास सुमारे 135 फूट, जमिनीपासून माथा दीडशे फुटांहून उंच. तिथे लाकडी सेंटरिंग उभं करायचं म्हणजे छताच्या खर्चापेक्षा लाकडाचा खर्च जास्त.

धाकट्यांनी सेंटरिंग न घालता काम केलं. चार कोपऱ्यांतून वक्र त्रिकोण वर आणले, ते जुळले तिथून कडी सुरू केली. गवंडी आधीच्या दिवसाच्या कामावर उभे राहून पुढे सरकत. आकार ताणलेल्या तारांनी सांभाळला. ओढीच्या पट्ट्यात सळ्या घातल्या. पायापासून जाडी कमी करत माथ्यावर ती साडेचार इंचांवर आणली. सुमारे 15 आठवड्यांत घुमट मिटला. तो तात्पुरता होता. वरचा मनोरा कधी झाला नाही, आणि घुमट शंभराहून अधिक वर्षं जागेवर आहे.

या कामात वडिलांकडून काय आलं आणि मुलाचं स्वतःचं काय, हे वेगळं काढता येतं. टाइल, प्लास्टर, कडी-कडीने चढणं आणि वास्तुविशारदाने विश्वासाने जागा मोकळी सोडणं, ही वडिलांची कमाई. एवढ्या मापाला जाण्याचं धाडस मात्र गणिताशिवाय झालं नसतं, आणि गणित मुलाचं होतं. सराईत गवंड्यांचा ताफाही वारशातच आला. हा घुमट नवख्या माणसांकडून कोणत्याही नकाशावरून झाला नसता.

आवाजाचा प्रश्न

टाइलचं छत आवाज परतवतं. चर्चमध्ये प्रवचन घुमायचं आणि शब्द कळायचे नाहीत. ग्रँड सेंट्रलमध्ये एका कोपऱ्यात कुजबुजलेलं तिरक्या समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं, ते याच गुणाचं रूप. धाकट्यांनी हार्वर्डचे ध्वनितज्ज्ञ वॉलेस सॅबिन यांच्यासोबत आवाज शोषणाऱ्या टाइलवर काम केलं आणि 1914 व 1916 मध्ये पेटंटं घेतली. दुसरी, अकूस्टोलिथ, जास्त यशस्वी झाली. तिच्यात सारख्या मापाचे सच्छिद्र दगडाचे कण सिमेंटने फक्त एकमेकांना टेकतील इतकेच जोडलेले असतात. मधल्या पोकळ्या भरत नाहीत, म्हणून आवाज आत शिरतो आणि मरतो. नंतरच्या लोकांनी तिच्यावर रंगाचा हात मारला की पोकळ्या बुजतात आणि टाइल निकामी होते. दुरुस्तीत ही चूक वारंवार झालेली दिसते.

इथे धंद्याची दिशाही हळूच बदलली. छत उभं करणारी कंपनी हळूहळू छताला आतून टाइल चिकटवणारी कंपनी होऊ लागली. पुढच्या बऱ्याच कामांत बोजा पोलादाचा किंवा काँक्रीटचा सांगाडा पेलतो आणि गुस्ताविनो टाइल आतलं अस्तर असते.

का संपलं

तीन कारणं एकात एक अडकलेली आहेत. पहिलं मजुरीचं. या पद्धतीत माल थोडा आणि हात फार. प्रत्येक टाइल तीन-तीन थरांत हाताने लागते. मजुरी स्वस्त असताना सेंटरिंगची बचत त्यापेक्षा जास्त भरायची, मजुरी वाढल्यावर उलटं झालं. दुसरं, पोलाद आणि काँक्रीट यांची गणितं पुस्तकात आली, नियमांत आली, कॉलेजात शिकवली गेली. गुस्ताविनो छताची आली नाहीत. तरुण अभियंत्याला सही करायची तर ज्याचं सूत्र त्याला माहीत आहे तेच तो निवडणार. तिसरं म्हणजे आवड बदलली. सपाट छत आणि काचेच्या भिंती आल्यावर कमानीला जागा उरली नाही. मंदीच्या वर्षांत मोठी सार्वजनिक कामंही आटली.

धाकट्यांनी 1943 मध्ये अंग काढून घेतलं. कंपनी ब्लॉजेट कुटुंबाकडे गेली. 1950 मध्ये धाकटे वारले, आणि 1962 मध्ये कंपनी मिटली. वास्तुइतिहासाचे अभ्यासक जॉर्ज कॉलिन्स यांच्या खटपटीने कंपनीची कागदपत्रं कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयात पोचली, नाहीतर ती रद्दीत गेली असती.

धाकट्यांना नुसता दोष देता येणार नाही, पण एक गोष्ट नोंदवायला हवी. वडिलांनी निदान व्याख्यानं दिली, निबंध छापला, आपला सिद्धांत चुकीचा का होईना जगासमोर मांडला. मुलाचं गणित वडिलांपेक्षा पक्कं होतं, पण ते पेटंटांत आणि कंपनीच्या नकाशांतच राहिलं. पेटंटाची मुदत संपते तेव्हा हक्क सर्वांना मिळतो; हात मिळत नाही.

आज या छतांवर काम करताना

1980 च्या दशकात एलिस बेटाच्या नोंदणी दालनाची दुरुस्ती झाली, तेव्हा 28,000 हून अधिक टाइलांपैकी फक्त 17 बदलाव्या लागल्या. इमारत कित्येक वर्षं बेवारस पडून होती हे लक्षात घेता हा आकडा कामाबद्दल पुरेसं सांगतो. 1997 मध्ये ग्रँड सेंट्रलमधल्या ऑयस्टर बार या उपाहारगृहाला आग लागली. खालच्या दर्शनी टाइल उष्णतेने सुटून पडल्या, मूळ कमान उभी राहिली.

तपासणीची सुरुवात वरून करायची, खालून नाही. बहुतेक बिघाडाचं मूळ छपराच्या गळतीत असतं. खालून पांढरे क्षार दिसले तर पाणी आत फिरतं आहे एवढं नक्की, पण ते जिथे दिसतं तिथूनच शिरलेलं असेल असं नाही. थरांमधून ते वाटेल तिकडे वाहतं. मग लाकडी हातोडीने टाइल एकेक ठोकून पाहायची. ठणठणीत आवाज म्हणजे पकड शाबूत, भद्द आवाज म्हणजे टाइल वरच्या थरापासून सुटलेली. सुटलेली एखादी टाइल हा दर्शनी थराचा प्रश्न असतो. सलग चार-पाच चौरस फूट पोकळ वाजलं तर वरचे थरही पाहावे लागतात.

त्यानंतर ताण. ते बहुधा भरावात किंवा भिंतीत गाडलेले असतात, दिसत नाहीत. कमानीच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने खालून उघडणारी भेग आणि खांद्यांवर (माथा आणि टेकू यांच्या मधल्या भागावर) वरून उघडणारी भेग अशी जोडी दिसली तर टेकू बाजूला सरकला आहे असं समजावं, आणि ताण गंजला का ते आधी पाहावं. भेग लिंपून टाकणारा माणूस पुरावा बुजवतो. भेगेवर खूण करून निदान सगळे ऋतू ती वाढते का पाहणं जास्त उपयोगी.

सगळ्यात घातक चूक दुरुस्तीवालेच करतात. मजला नवा करताना कमानीच्या खांद्यांवरचा भराव किंवा तिथल्या आडव्या पातळ भिंती निरुपयोगी वजन समजून काढून टाकतात, नळ आणि तारा न्यायला जागा होते म्हणून. पण एका बाजूला बोजा जास्त आला की बलाची रेषा, म्हणजे वजन ज्या वाटेने खाली उतरतं ती, चार इंचांच्या कवचातून बाहेर पडू पाहते, आणि तिला आत धरून ठेवतो तो हाच भराव. तो काढायचाच असेल तर दोन्ही खांद्यांवरून सारखा, थोडा थोडा, आणि खाली टेकू देऊन.

भोक पाडणं त्या मानाने चालतं. घुमटात माथ्याजवळचं गोल भोक कड्याने बांधून घेतलं तर काही बिघडत नाही. थोरल्यांनी स्वतः ला मासाच्या घुमटाला माथ्यावर उजेडासाठी उघडीक ठेवली होती. कमानी छताच्या खांद्यात, रेटा जिथून भिंतीत उतरतो तिथे, सलग चर खणणं मात्र टाळायचं.

टाइल बदलताना नवी टाइल जुन्यापेक्षा जास्त टणक आणि माल जास्त कडक नसावा, नाहीतर बोजा तिच्याकडे ओढला जाऊन शेजारच्या जुन्या टाइल तडकतात. सांध्याची रुंदी मोजून तेवढीच ठेवायची. आणि वरचं पाणी बंद झाल्याशिवाय खालच्या एकाही टाइलला हात लावायचा नाही; तसं केलेलं काम दोन पावसाळ्यांत पुन्हा खाली येतं.